नववी-दहावीच्या बीजगणित-भूमितीतून मुलांच्या हाती काय राहायलाच हवे?

खाडीकाठ (रत्नागिरी)
दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणे आहेत आणि भाग २ मध्ये सात. दोन्ही पेपर ४०-४० गुणांचे. वर्षभर सगळे लक्ष तेरा प्रकरणे संपवण्याकडे असते. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द नियोजनाच्या वहीत असतो, पण तिथे बहुतेक वेळा प्रकरणाचे नावच पुन्हा लिहिलेले दिसते. 'समरूपता समजते' ही निष्पत्ती नव्हे. समजते म्हणजे मुलगा काय करून दाखवतो, ते लिहायला हवे.

चर्चेला सुरुवात म्हणून माझी किमान मागणी अशी. शाब्दिक उदाहरण वाचून चल कोणता ते स्वतः ठरवावे, समीकरण मांडावे आणि आलेले उत्तर समीकरणात नव्हे तर मूळ वाक्यात ठेवून तपासावे. वर्गसमीकरण किमान दोन रीतींनी सोडवावे. दोन त्रिकोण समरूप का आहेत ते कसोटीचे नाव घेऊन सांगावे आणि त्यावरून अज्ञात लांबी काढावी. पायथागोरसचे प्रमेय वापरता यावे. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिता यावे.

यात काय घालाल, काय काढाल? दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मंडळींनी जरूर लिहावे. उदाहरणे आपल्या आजूबाजूची असली तर फार बरे.

तराजू
खाडीकाठ सर, तुमच्या पहिल्या मागणीच्याही आधी एक पायरी आहे. 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हे वाक्य वर्गातून हद्दपार व्हायला हवे. या वाक्यामुळे मुले ३क्ष = १२ चे क्ष = १२ − ३ करतात. दुसरी मुले −२क्ष = ६ चे क्ष = ६/२ करतात, कारण 'पलीकडे नेताना चिन्ह बदलले'. दोन्ही चुकांचे मूळ एकच. काहीही 'पलीकडे' जात नाही, दोन्ही बाजूंना एकच क्रिया होते.

एका पारड्यात तीन सारखे नारळ आणि २०० ग्रॅमचे वजन, दुसऱ्यात दोन किलो. दोन्हीकडून २०० ग्रॅम काढले तरी काटा मध्येच राहतो. मग दोन्ही बाजूंचे तीन-तीन भाग केले की एक नारळ ६०० ग्रॅमचा. निष्पत्ती म्हणून असे लिहावे: 'प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंवर कोणती क्रिया केली ते मूल शब्दांत सांगते.' निदान पहिले दोन महिने समासात ते लिहूनच घ्यावे. वेग कमी होतो, पण नंतर दोन चलांच्या समीकरणांत वजाबाकी करताना चिन्हांचा गोंधळ निम्म्यावर येतो.

चिरेबंदी
पायथागोरसबद्दल. तुम्ही 'प्रमेय वापरता यावे' म्हटलेत. प्रत्यक्ष कामावर प्रमेयापेक्षा त्याचा व्यत्यास जास्त लागतो, आणि पुस्तकात दोन्ही असूनही मुलांच्या मनात ते एकच होऊन बसतात.

जोत्याची आखणी करताना गवंडी कोपऱ्यातून एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजतो आणि तिरकस माप ५ फूट येते का बघतो. आले तर कोपरा काटकोनात. म्हणजे बाजू ठाऊक आहेत आणि त्यावरून काटकोन ठरतो आहे. हा व्यत्यास. कोन काटकोन आहे हे आधीच ठाऊक असून तिसरी बाजू काढायची असेल, तर ते प्रमेय.

आता नेमके काय बिघडते ते. ३-४-५ फुटांवर तपासताना टेप वाचण्यात एक इंचाची चूक झाली आणि तिरकस अंतर खरे तर ५ फूट १ इंच राहिले, तर कोन ९० ऐवजी ९२ अंश होतो. ३० फुटांच्या भिंतीत टोकाला साधारण १२ इंच फरक पडतो. तीच एक इंचाची चूक ९-१२-१५ फुटांवर झाली तर कोन सुमारे ९०.७ अंश, आणि ३० फुटांवर फरक ४ इंचांच्या आसपास. म्हणून जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यायचा. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तरच आयत. हे चौकोनाच्या प्रकरणातले प्रमेय आहे आणि जांभ्याचा पहिला थर लागण्याआधी ते वापरले नाही, तर चूक कौले चढेपर्यंत पाठ सोडत नाही.

सुरंगी
ताई, ह्या बरा सांगितलात. दोन्ही कर्ण मोजूचा कोणीच सांगणा नाय.

खाडीकाठ
चिरेबंदी ताई, चूक मान्य. यादीत बदल करतो: 'प्रमेय आणि व्यत्यास यांत काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे ते मूल वेगळे सांगते.' हे पायथागोरसपुरते न ठेवता समांतर रेषांच्या कसोट्या, प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, चक्रीय चौकोन, सगळीकडे लावावे लागेल.

काळी_पाटी
एक विरोधी मत. सिद्धता सगळ्यांसाठी अत्यावश्यक कशाला? बरीच मुले त्या पाठ करतात. आकृतीतली अक्षरे बदलली की अडकतात. त्यापेक्षा तो वेळ महत्त्वमापन (क्षेत्रफळ-घनफळ) आणि अर्थनियोजन (कर वगैरे पैशांचे हिशोब) यांना द्यावा. हाताशी राहायचे असेल तर ते राहील.

तराजू
काळी_पाटी, पाठ करतात हे खरे, पण त्यावरचा उपाय सिद्धता काढून टाकणे हा नाही. अक्षरे बदलून द्या, आकृती फिरवून द्या, किंवा तयार सिद्धता देऊन त्यातली एक चुकीची ओळ शोधायला सांगा. समरूपतेच्या सिद्धतेत सगळ्यात जास्त चूक शिरोबिंदूंच्या क्रमात होते. त्रिकोण अबक ~ त्रिकोण पफब असे लिहिले की अब:पफ, बक:फब, अक:पब ही गुणोत्तरे त्या क्रमातूनच येतात. क्रम बिघडला की पुढचे सगळे गणित बिघडते. सारख्या कोनांवर एकसारखी खूण करून मगच क्रम लिहायची सवय लावली, तर ही चूक जवळजवळ राहत नाही.

डहाणूची_वाट
सिद्धता फक्त भूमितीत असते हा समजही मोडायला हवा. आपल्या कोकणाच्या उत्तर टोकाला, डहाणूला, १९०५ साली द. रा. कापरेकर जन्मले. पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांची ६१७४ ही संख्या पुष्कळांना ठाऊक असते. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते.

नववीच्या मुलांना विचारण्यासारखा प्रश्न असा: प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो? उतरते अंक अ, ब, क, ड धरा. १०००अ + १००ब + १०क + ड यातून १०००ड + १००क + १०ब + अ वजा केले की ९९९(अ − ड) + ९०(ब − क) राहते. दोन्ही पदांना ९ ने भाग जातो. संपली सिद्धता. अक्षरे कशासाठी वापरायची, हे या तीन ओळींत जितके स्पष्ट दिसते तितके पन्नास 'सोपे रूप द्या' सोडवून दिसत नाही. दहा उदाहरणे करून पाहणे आणि सगळ्यांसाठी दाखवणे यांतला फरक मुलांना इथेच कळतो.

कौलारू
सुंदर. यादीत आणखी एक घाला: वर्गविस्तार आकृतीने दाखवता येणे. (अ + ब)² = अ² + ब² ही चूक दहावीनंतरही टिकून असते. चौरस अंगण घ्या, बाजू क्ष. दोन लगतच्या बाजूंना ३-३ मीटर वाढवा. क्ष² चा चौरस, ३क्ष च्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात ३ × ३ चा तुकडा. पट्ट्या विसरल्या की अंगणात खड्डा राहिला!

हीच आकृती पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीला लागते. क्ष² + ६क्ष = १६. डावीकडे कोपरा रिकामा आहे, तो ९ चा. दोन्ही बाजूंना ९ मिळवा: (क्ष + ३)² = २५. म्हणून क्ष + ३ = ५ किंवा −५, उत्तरे २ आणि −८. वर्गसमीकरणाचे सूत्र म्हणजे हेच काम एकदाच सर्वांसाठी करून ठेवलेले. आकृती न दाखवता सूत्र दिले की मुले 'उणे ब'मधला उणे विसरतात, किंवा २अ ने फक्त वर्गमुळालाच भागतात.

वर्गमूळ
वर्गसमीकरणात अजून एक हमखास चूक. क्ष² = ५क्ष दिले की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहितात. शून्य हे दुसरे मूळ गळाले. भागताना 'हा शून्य तर नाही ना' असे विचारणे ही स्वतंत्र निष्पत्ती धरावी.

लाटांचा_हिशोब
शाब्दिक उदाहरणांतल्या होडीबद्दल लिहायचे होते. 'ओहोटीसोबत ६ किमी अंतर ४५ मिनिटांत, परत येताना तेच अंतर दीड तासात. होडीचा स्थिर पाण्यातील वेग किती?' क्ष + य = ८, क्ष − य = ४, म्हणून होडी ताशी ६ किमी आणि प्रवाह ताशी २ किमी. मांडणी सोपी आहे. चूक होते ती ४५ मिनिटे म्हणजे ०.४५ तास लिहिण्यात. मग वेग १३ च्या पुढे जातो आणि मूल तो तसाच पुढे नेते. दर ताशी ८ येणार की १३, याचा अंदाज आधी लिहून ठेवायला लावावे.

दुसरे, पुस्तकी उदाहरणात प्रवाह एकसारखा धरतात. किनाऱ्यावरच्या मुलाला हे खटकणार आणि खटकलेच पाहिजे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सरासरी सव्वासहा तासांच्या आत-बाहेर लागतात आणि पाणी एका वेगाने उतरत नाही. ढोबळ हिशोब बाराव्या भागाचा: पहिल्या तासाला एकूण उताराचा १ भाग, मग २, ३, ३, २, १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी उतरते. खाडीत आत गेल्यावर हे आणखी बदलते. म्हणून उत्तराखाली 'प्रवाहाचा वेग स्थिर मानला आहे' असे एक वाक्य लिहून घ्यावे. आपण काय गृहीत धरले ते सांगता येणे हेही बीजगणितच आहे.

पाच_डझनी_पेटी
लाटांचा_हिशोब, हे मला फार पटले. त्या १, २, ३, ३, २, १ चा आलेख काढून घ्या. रेषा कधी सरळ असते आणि कधी नसते, हा प्रश्न रेषीय समीकरणांच्या धड्यात क्वचितच येतो.

श्रेढीबद्दल, म्हणजे सारख्या फरकाने वाढणाऱ्या संख्यांबद्दल, थोडे. सगळी गडबड न-व्या पदाच्या सूत्रातल्या (न − १) मध्ये आहे. माड साडेसात मीटरवर लावायचे, बांध ६० मीटरचा, दोन्ही टोकांना माड हवा. ६० ÷ ७.५ = ८, म्हणून आठ रोपे आणली तर एक कमी पडते. अंतरे आठ, माड नऊ. नववा माड पहिल्यापासून ८ × ७.५ मीटरवर, म्हणूनच सूत्रात न नाही, न − १ आहे. हे एकदा खांब किंवा रोपे मांडून पाहिले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

काळी_पाटी
हे मान्य. पण अर्थनियोजनाबद्दल कोणी बोलेना. तिथे काय अत्यावश्यक?

पाच_डझनी_पेटी
कराचे दर पाठ करणे अजिबात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ राहिले. जुन्या उदाहरणांतले दर त्यामुळे कालबाह्य झाले, रीत झाली नाही. मुलाला दोन्ही दिशांनी जाता यावे. करपात्र किंमत १००० आणि दर १८ टक्के, तर बिल ११८०. केंद्राचा आणि राज्याचा कर ९०-९०. उलट, करासह ११८० दिले असेल तर मूळ किंमत काढताना ११८० चे १८ टक्के वजा करायचे नाहीत, १.१८ ने भागायचे. वजा करणाऱ्याला ९६७.६० मिळतात. ही एक चूक सवलत, नफा, व्याज सगळीकडे तशीच भेटते.

कौलारू
त्रिकोणमितीसाठी छपरासारखे उदाहरण नाही. घराची रुंदी २० फूट, आढे मधोमध, पाख्याचा उतार ३० अंश. निम्मी रुंदी १० फूट, म्हणून आढ्याची भिंतीवरची उंची १० × टॅन ३० = ५.७७ फूट आणि वासा १० ÷ कोसाइन ३० = ११.५५ फूट. वळचण भिंतीबाहेर आडवी अडीच फूट हवी असेल तर बरेच जण ११.५५ मध्ये सरळ अडीच मिळवतात: १४.०५. खरे माप १२.५ ÷ ०.८६६ = १४.४३ फूट. प्रत्येक वासा साडेचार इंचांनी आखूड, आणि पागोळ्या भिंतीच्या सुमारे चार इंच जवळ. कौलांचा हिशोबही जमिनीच्या क्षेत्रफळावर करायचा नसतो. खाली १००० चौरस फूट झाकायचे असेल तर ३० अंशांच्या पाख्याला ११५५ चौरस फूट कौले लागतात.

चिरेबंदी
माडाची उंची मोजण्याच्या उपक्रमातही तीन गोष्टी राहून जातात. डोळ्याची उंची मिळवायची विसरतात. कोनमापकाला ओळंबा बांधला असेल तर दोरीवरचा आकडा कधी उन्नत कोन असतो, कधी त्याचा कोटिकोन. आधी सरळ समोर बघून आकडा शून्य येतो की नव्वद, ते पाहावे. आणि समुद्राकडे झुकलेला माड घेऊ नये, कारण शेंड्याखालचा लंबपाद बुंध्याशी नसतो. कोन ४५ च्या जवळ येईल इतके लांब उभे राहावे. १० मीटरवरून ४५ अंशांत एका अंशाची चूक झाली तर उंचीत सुमारे ३५ सेंमी फरक येतो. त्याच माडाला ३ मीटरवरून पाहिले तर एका अंशाला ६५ सेंमीच्या आसपास.

सुरंगी
आणि विहीर? व्यास ३ मीटरचा ६ केला तर पाणी दुप्पट होईल असे किती जण सांगतात! खोली तीच ठेवली तर चौपट. लांबी क पट, क्षेत्रफळ क² पट, घनफळ क³ पट. समरूपतेच्या धड्यात क्षेत्रफळांचे गुणोत्तर शिकवतात, महत्त्वमापनात ते परत आठवून देत नाहीत.

वर्गमूळ
भौमितिक रचना यादीतून गळाल्या. काढायच्या की ठेवायच्या? स्पर्शिका काढायला पट्टी पुरते असे मुलांना वाटते.

तराजू
ठेवायच्या, पण 'का' सकट. बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, मध्यबिंदू घेऊन त्या व्यासाचे वर्तुळ काढायचे. ते मूळ वर्तुळाला छेदते तिथे स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. म्हणजे रचना ही दोन प्रमेयांची बेरीज आहे. हाताचे म्हणाल तर कंपासचा स्क्रू ढिला नको, शिसाला टोक हवे, आणि लंबदुभाजक काढताना कंस एकमेकांना काटकोनाच्या जवळपास छेदतील इतकी त्रिज्या घ्यावी. फार लहान घेतली की कंस घासत जातात आणि छेदनबिंदू नेमका कुठे तेच कळत नाही.

लाटांचा_हिशोब
स्पर्शिकेवरून: वर्तुळाच्या प्रकरणातले स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे प्रमेय मुलांना सगळ्यात निरुपयोगी वाटते. किनाऱ्यावर उभे राहून क्षितिज किती लांब आहे ते विचारा. डोळा हा बाह्य बिंदू, क्षितिजापर्यंतची नजर ही स्पर्शिका, आणि पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी रेषा ही छेदिका. उंची उ, पृथ्वीची त्रिज्या त्र: अंतर² = उ × (उ + २त्र). त्रिज्या ६३७१ किमी घ्या.

पुळणीवर उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर: ०.००१६ × १२७४२ म्हणजे सुमारे २०.४, वर्गमूळ साडेचार किमी. समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर दिवा असेल तर ०.१ × १२७४२.१, वर्गमूळ ३५.७ किमी. हवेत प्रकाश किंचित वाकतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त दिसते. दीपगृह कड्यावर असते तेव्हा मनोऱ्याची नव्हे, समुद्रापासून दिव्याची उंची घ्यायची. इथे मीटर आणि किलोमीटर मिसळले की उत्तर शेकड्यांत किंवा हजारांत जाते. तेही होऊ द्यावे आणि मुलांनाच पकडू द्यावे.

काळी_पाटी
हे प्रमेय असे वापरता येते हे लक्षातच आले नव्हते. सिद्धतेबद्दलचे माझे मत थोडे बदलतो: पाठांतराची सिद्धता नको, ही हवी.

खाडीकाठ
सगळ्यांचे वाचून यादी पुन्हा लिहितो आहे. 'वर्गसमीकरण दोन रीतींनी' काढून 'पूर्ण वर्ग आकृतीने दाखवते आणि सूत्र त्यातून मिळवते' असे करतो. 'गृहीत काय धरले ते लिहिते' आणि 'उत्तराचा अंदाज आधी लिहिते' हे दोन्ही बीजगणिताच्या माथ्यावर ठेवतो. व्यत्यास वेगळा. क, क², क³ समरूपता आणि महत्त्वमापन दोन्हींत.

एक अडचण राहतेच. नववीत येणाऱ्या काही मुलांची अपूर्णांकांची बेरीज आणि ऋण संख्यांची वजाबाकी पक्की नसते. −३² आणि (−३)² यांतला फरक कळत नसेल तर वर्गसमीकरणाचा विवेचक (ब² − ४अक) काढताना तिथेच पाय घसरतो. जूनचे पहिले तीन आठवडे यालाच द्यावेत असे वाटते. चिरेबंदी ताई, शाळेच्या मैदानावर आखणी करायची तर दोरी आणि खुंट्या किती लागतील?

चिरेबंदी
चार-पाच मुलांच्या गटाला चार खुंट्या, न ताणणारी नायलॉनची २५ मीटर दोरी, एक टेप आणि थोडी फक्की. आयत ६ × ४ मीटरचा घ्या. दोरी खुंटीला एकाच बाजूने गुंडाळा, नाहीतर खुंटीची जाडी मापात येते. कोपरा ३-४-५ मीटरवर तपासायचा, मग दोन्ही कर्ण. ते ७.२१ मीटर यायला हवेत. मोजण्याआधी तो आकडा मुलांनी वहीत काढलेला असू दे.